थरावर थर : काचेपासून संगणकापर्यंत

सावित्री नदी महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते आणि पुढे बाणकोटजवळ समुद्राला मिळते. 22 जुलै 2021 रोजी पुराचे पाणी महाड शहरात शिरले. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळून मोठी जीवितहानी झाली.

समजा, महाडच्या किंवा पोलादपूरच्या एखाद्या शाळेतील मुलांनी या पुरावर दोन मिनिटांची फिल्म संगणकावर करायला घेतली. तळाशी गावाचा नकाशा, त्यावर नदी, त्यावर पुराचे पाणी आणि सर्वांत वर अक्षरे. प्रत्येक गोष्ट वेगळ्या थरावर. मुले त्याला 'लेअर' म्हणतात. पाण्याचा थर चुकून नकाशाच्या खाली गेला, की पडद्यावरचा पूर नाहीसा! म्हणजे थरांचा क्रम ही काही किरकोळ बाब नव्हे. ही युक्ती आली कोठून, ते पाहू या.

चित्रावर चित्र चढवण्याची कल्पना संगणकाने आणलेली नाही. फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएसने 1900 साली एका लघुपटात स्वतःच सात वादक होऊन पडद्यावर एकत्र वाद्यवृंद वाजवला. फिल्मच्या ज्या भागावर प्रकाश पडत नाही, तेथील चांदीचे क्षार जसेच्या तसे राहतात. म्हणून काळ्या पडद्यापुढे चित्रण करायचे, फिल्म मागे गुंडाळायची आणि कोऱ्या राहिलेल्या भागात पुन्हा चित्रण करायचे. आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनी असे चमत्कार मराठी माणसाच्या हातून घडवले. त्यांच्या 'श्रीकृष्णजन्म' (1918) मध्ये भेदरलेल्या कंसाला एका वेळी अनेक कृष्ण दिसतात.

या पद्धतीत एक मोठी उणीव होती. सारे थर एकाच फिल्मवर कायमचे चिकटत. शेवटच्या वेळी हात हलला, तर आधीचे सगळे श्रम वाया! थर वेगळे ठेवता आले तर?

ही वाट व्यंगचित्रपटांनी दाखवली. 1914 साली अमेरिकेत अर्ल हर्ड याने पारदर्शक सेल्युलॉइडच्या पत्र्यांवर चित्रे काढण्याच्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. पार्श्वभूमी एकदाच रंगवायची. हलणारे पात्र तेवढे वेगळ्या पत्र्यावर काढायचे. मुंबईला फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगचित्रपट विभागात ही कला शिकवण्यासाठी 1956 साली डिस्नेचे क्लेअर वीक्स आले. पुढे नावारूपाला आलेले राम मोहन तेथेच शिकले.

मात्र पत्रे पूर्ण पारदर्शक नसत. थर वाढले, की खालचे रंग मंद दिसत. मग एखाद्या प्रसंगात पात्र निघून गेले, तरी त्याच्या जागी कोरा पत्रा ठेवत. नाहीतर पडद्यावरचा रंग एकदम उजळला असता. कोणत्या चौकटीला कोणत्या थरावर कोणता पत्रा, याचा तक्ताही ठेवावा लागे. संगणकाच्या पडद्यावर खाली दिसणारी थरांची यादी आणि कालरेषा हे त्याच तक्त्याचे वंशज होत.

संगणकाने कोऱ्या पत्र्याची कटकट संपवली ती गणिताने. प्रत्येक ठिपक्याला तीन रंगांबरोबर एक चौथी संख्या दिली : अल्फा. 0 म्हणजे पूर्ण पारदर्शक, 1 म्हणजे पूर्ण अपारदर्शक. थर एकमेकांवर चढवण्याचे नियम थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी 1984 साली नीटपणे मांडले. एक उदाहरण घेऊ. पाण्याच्या थराची तेजस्विता 200, अल्फा 0.6, खालच्या नकाशाची तेजस्विता 100. तर दिसेल ते असे : 0.6 × 200 + 0.4 × 100 = 160. आता अल्फा 1 असलेला नकाशा वर आणा. उत्तर 100 येईल. पूर गेला कोठे, ते गणितच सांगते!

1993 साली 'आफ्टर इफेक्ट्स' हे सॉफ्टवेअर बाजारात आले आणि हे काम मेजावरच्या संगणकावर होऊ लागले. थर हलवा, लपवा, कुलूपबंद करा. मूळ चित्र शाबूत राहते. फाळक्यांना जी चूक परवडत नव्हती, ती आपल्या विद्यार्थ्यांना परवडते.

पण फिल्म तयार झाली, की सारे थर पुन्हा एक होतात. पाहणाऱ्याला एकच चित्र दिसते आणि त्यावर तो विश्वास ठेवतो. भिंतीवरच्या चिखलाच्या खुणा मोजून काढलेली पूररेषा आणि मुलांनी अंदाजाने ओढलेली पूररेषा त्यात सारखीच निळी दिसते. उद्या घर कोठे बांधावे, हे कोणी त्या निळ्या रेषेवरून ठरवले तर? म्हणून थरांना 'लेअर 1', 'लेअर 2' अशी नावे देऊ नयेत. 'पूररेषा : खुणांवरून' आणि 'पूररेषा : अंदाज' असे दोन थर करावेत, त्यांचे रंग वेगळे ठेवावेत आणि फिल्ममध्ये तसे लिहावे.

संगणक नसला तरी अडत नाही. वह्यांना घालतात तसले पारदर्शक प्लॅस्टिक घ्या. कागदावर गावाचा नकाशा काढा. एका प्लॅस्टिकवर नदी, दुसऱ्यावर खुणांची पूररेषा, तिसऱ्यावर अंदाजाची. मग एकेक थर उचलून मुलांना विचारा : आपल्याला हे खरोखर माहीत आहे, की आपण ते वर चढवले आहे?