तीस माणसं गेली, एकच परत आला

युद्धातल्या शौर्याच्या पोस्ट आपण रोज फॉरवर्ड करतो. आज त्यातलीच एक गोष्ट, पण थोडी सविस्तर.

४ जून १९४२. प्रशांत महासागर, मिडवे बेटाजवळचा भाग. अमेरिकेच्या ‘हॉर्नेट’ या विमानवाहू जहाजावरून आठव्या टॉर्पेडो स्क्वाड्रनची १५ डिव्हॅस्टेटर विमानं उडाली. प्रत्येकात दोघं, पुढे पायलट आणि मागे मशीनगनवर रेडिओमन. प्रमुख होते जॉन वॉल्ड्रन.

टॉर्पेडो म्हणजे पाण्यातून धावणारा बॉम्ब. तो पाण्यात नीट शिरावा म्हणून विमान अगदी खालून, कमी वेगात आणि सरळ रेषेत शत्रूच्या जहाजाकडे न्यावं लागायचं. समोरून तोफा, मागून लढाऊ विमानं, आणि वळायची सोय नाही!

ठरवून दिलेली दिशा चुकीची आहे असं वॉल्ड्रन यांचं मत होतं. ते आपल्या अंदाजाने वळले आणि त्यांना जपानी ताफा बरोबर सापडला. पण संरक्षणाला एकही लढाऊ विमान सोबत नव्हतं. जपानी ‘झीरो’ विमानांनी पंधराच्या पंधरा पाडली. ३० जणांपैकी वाचला एकटा जॉर्ज गे. विमानातल्या सीटच्या गादीआड लपून तो समुद्रात तरंगत राहिला, दुसऱ्या दिवशी त्याला उचललं.

मागोमाग ‘एंटरप्राइज’ची १४ आणि ‘यॉर्कटाउन’ची १२ टॉर्पेडो विमानं गेली. अशा ४१ विमानांपैकी जेमतेम चार-पाच जहाजावर परतली. त्यांचा एकही टॉर्पेडो लागला नाही.

मग हे मरण फुकट गेलं का? तर नाही. एकामागून एक हल्ले चुकवताना जपानी जहाजं सारखी वळत राहिली. त्यांचे डेक झीरो उतरवण्यात आणि पुन्हा उडवण्यात अडकले, स्वतःचा हल्ला काही सोडता आला नाही. साडेदहाच्या सुमाराला वरून अमेरिकन डाइव्ह बॉम्बर आले आणि काही मिनिटांत ‘आकागी’, ‘कागा’, ‘सोर्यू’ पेटली. ‘आठव्या स्क्वाड्रनने झीरो खाली ओढले म्हणून बॉम्बरना रस्ता मोकळा मिळाला’ असं सरसकट सांगितलं जातं, ते तितकं सरळ नाही. त्यांचा हल्ला तासभर आधीच संपला होता. त्या क्षणी झीरो गुंतले होते ते मुख्यतः ‘यॉर्कटाउन’च्या विमानांशी.

आता दुसरी बाजू. डिव्हॅस्टेटर तोवर जुनाट झालं होतं. टॉर्पेडो तर इतका बेभरवशाचा, की नीट सोडला तरी नीट धावेल याची खात्री नाही. मिडवेनंतर ते विमान आघाडीवरून काढलं. टॉर्पेडोही पुढे सुधारला. म्हणजे सुधारणा शक्य होती, फक्त ती या पोरांच्या नंतर झाली.

शहिदांना हार जरूर घाला. पण त्यांच्या हातात काय देऊन पाठवलं होतं, हा प्रश्नही विचारा. तो विचारल्याने त्यांचं शौर्य कमी होत नाही. पुढच्या पोरांचे जीव मात्र वाचतात.