दोन वर्षांचा एक महिला क्लब



वर्धापनदिन साजरे होतात ते टिकलेल्या संस्थांचे. ज्या संस्था दोन-तीन वर्षांतच बंद पडल्या, त्यांची आठवण सहसा कोणी काढीत नाही. म्हणून या वेळच्या स्मरणिकेसाठी मी मुद्दाम अशाच एका अल्पायुषी संस्थेची हकीकत लिहिण्याचे योजिले आहे. ही संस्था इंग्लंडातली, बायकांची, आणि तिचे काम काय, तर फुटबॉल खेळणे! तिचे नाव ब्रिटिश लेडीज फुटबॉल क्लब.

काळ होता व्हिक्टोरिया राणीचा. सिंहासनावर बाई होती खरी, पण राज्यातल्या बायकांना पार्लमेंटच्या निवडणुकीत मत नव्हते. ते काहींना 1918 साली आणि पुरुषांच्या बरोबरीने सर्वांना 1928 साली मिळाले. लग्न झालेल्या बाईची मिळकत तिच्या स्वतःच्या नावावर राहावी, असा कायदा झाला तोदेखील 1882 साली. चांगल्या घरच्या बायकांनी कंबर आवळून बांधावी, पायघोळ परकर घालावा आणि हळू चालावे, अशी रीत होती. अशा दिवसांत, 1894 च्या अखेरीस, लंडनमध्ये नेटी हनीबॉल नावाच्या एका तरुण बाईने वर्तमानपत्रात जाहिरात दिली की, फुटबॉल खेळू इच्छिणाऱ्या स्त्रियांनी पुढे यावे. तीसेक जणी पुढे आल्या. टॉटेनहॅम हॉटस्पर या पुरुषांच्या नामांकित क्लबातील ज्युलियन नावाचा खेळाडू त्यांना शिकवू लागला.

क्लबाची चिटणीस नेटीच होती. बायका म्हणजे केवळ शोभेच्या आणि निरुपयोगी वस्तू नव्हेत हे जगाला दाखवून द्यावे, हा आपला हेतू तिने मुलाखतीत उघड सांगितला. अध्यक्षपद स्वीकारले लेडी फ्लॉरेन्स डिक्सी यांनी. या बाई स्कॉटलंडच्या सरदार घराण्यातल्या. दक्षिण अमेरिकेतील पॅटागोनियाच्या ओसाड मुलखात त्या घोड्यावरून हिंडून आल्या होत्या, आणि 1881 साली एका लंडनच्या वर्तमानपत्राच्या युद्धवार्ताहर म्हणून दक्षिण आफ्रिकेतही गेल्या होत्या. मुलींनी मन लावून खरा खेळ खेळावा, या अटीवरच त्यांनी पद घेतले.

विरोधही लगोलग सुरू झाला. डॉक्टरांच्या एका मोठ्या नियतकालिकाने 1894 च्या डिसेंबरात लिहिले की, या खेळाने बायकांच्या नाजूक अवयवांना इजा होईल, तेव्हा आम्ही याला मुळीच संमती देणार नाही. याच बायका पाण्याच्या बादल्या वाहत, कोळशाच्या टोपल्या उचलत, लागोपाठ बाळंतपणे काढत, तेव्हा त्यांच्या नाजूकपणाची आठवण फारशी कोणाला होत नसे! मंगळागौरीला रात्रभर फुगड्या आणि झिम्मा घालणाऱ्या आपणा बायकांना त्या डॉक्टरांचे म्हणणे ऐकून हसूच येईल.

23 मार्च 1895 रोजी लंडनच्या क्राऊच एंड भागात पहिला सामना झाला. एकाच क्लबाचे दोन भाग पाडले होते, ‘उत्तर’ आणि ‘दक्षिण’. एकींचे पोलके तांबडे, दुसरींचे निळे. पायांत गुडघ्याखाली आवळलेली ढगळ विजार, काहींचा तिच्यावर आखूड परकर, नडगीला मार लागू नये म्हणून गाद्या आणि डोक्याला टोपी. बघायला सुमारे दहा हजार लोक लोटले. ‘उत्तर’ने सात गोल केले, ‘दक्षिण’ने एक. प्रेक्षक आले होते ते पुष्कळसे मौज पाहायला. दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्रांनी खेळापेक्षा कपड्यांवरच जास्त शाई खर्च केली. काही महिन्यांपूर्वीपर्यंत ज्यांनी कधी चेंडूला पाय लावला नव्हता, त्यांची तुलना वर्षानुवर्षे खेळणाऱ्या पुरुषांशी केली.

पण या बायका घरी बसल्या नाहीत. एप्रिलमध्ये त्या ब्रायटनला खेळल्या, न्यूकॅसलला खेळल्या. पुढे स्कॉटलंड आणि आयर्लंडपर्यंत गेल्या. धर्मादाय कामासाठीही त्यांनी सामने केले. दरम्यान क्लबात फूट पडून दुसरा संघ निघाला. चार बायका एकत्र आल्या की असेच व्हायचे, असे कोणी म्हणेल. पण पुरुषांच्या क्लबांचा इतिहास काही वेगळा नाही. हळूहळू नवलाई ओसरली, गर्दी घटली. रेल्वेचे भाडे आणि मुक्कामाचा खर्च भागेना, आणि दोनेक वर्षांत क्लब मोडला.

तो का मोडला याचा विचार करण्यासारखा आहे. हौस कमी पडली म्हणून नव्हे. त्यांना स्वतःचे मैदान नव्हते. खेळायचे ते दुसऱ्याच्या जागेवर, त्याची मर्जी असेतोवर. गंगाजळी नव्हती, आज जमलेल्या पैशावर उद्याचा प्रवास. आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यांत जास्त लागते, ती नावाची. नेटी हनीबॉल हे नाव खरे नसावे, असे अभ्यासक मानतात, कारण त्या काळच्या शिरगणतीच्या कागदांत ते सापडत नाही. दुसरी एक खेळाडू ‘मिसेस ग्रॅहम’ या घेतलेल्या नावाने खेळे. याला कारणही तसेच होते. 1881 साली ग्लासगो येथे बायकांच्या एका सामन्यात जमाव मैदानात घुसला आणि खेळणाऱ्यांना गाडीत बसून जीव वाचवावा लागला. घरच्यांची अब्रू जाऊ नये म्हणून या बायकांनी नावे लपविली. परिणाम असा झाला की, त्यांची नातवंडे-पतवंडे आज असतील, पण आपली पणजी त्या मैदानावर होती हे त्यांना ठाऊकही नसेल.

पुढची हकीकत थोडक्यात सांगते. 1902 साली इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने आपल्या क्लबांना बायकांच्या संघांशी खेळण्यास मनाई केली. पहिल्या महायुद्धात कारखान्यांत काम करणाऱ्या मुली पुन्हा खेळू लागल्या. 26 डिसेंबर 1920 नंतरचा तो सोमवार होता. लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर बायकांचा सामना पाहायला 53,000 लोक आले. लगेच पुढच्याच वर्षी, 5 डिसेंबर 1921 रोजी, हा खेळ बायकांना योग्य नाही असे ठरवून असोसिएशनने आपल्या क्लबांची मैदाने त्यांना बंद केली. ती बंदी उठायला 1971 साल उजाडले, आणि माफी मागितली गेली ती 2008 साली! 2022 च्या जुलैत लंडनच्या वेम्बली मैदानावर इंग्लंडच्या मुलींनी युरोपचे अजिंक्यपद जिंकले, तेव्हा 87,192 प्रेक्षक हजर होते. त्याच वर्षी आपल्या नवी मुंबईच्या मैदानावर आशिया खंडातील महिलांच्या फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना झाला. या खेळाडूंची नावे जगभर छापून आली. कोणालाही नाव लपवावे लागले नाही.

तेव्हा मोडलेला क्लब वाया गेला असे मला वाटत नाही. मात्र त्याच्या हकीकतीवरून एक सूचना मांडावीशी वाटते. आपल्या मंडळाच्या वह्यांत ‘वरच्या मजल्यावरच्या वहिनी’, ‘कोपऱ्यावरच्या काकू’ अशा नोंदी आढळतात. हळदीकुंकवाला पापड कोणी लाटले, वर्गणी कोणी फिरून गोळा केली, शिवणवर्ग कोणी चालविला, त्या प्रत्येक भगिनीचे स्वतःचे पूर्ण नाव यंदापासून नोंदवहीत लिहावे. जमाखर्चही त्याच काळजीने ठेवावा. मंडळ पुष्कळ वर्षे चालो अशीच आपली सर्वांची इच्छा आहे. पण ते किती चालेल हे आपल्या हाती नाही, नावे लिहून ठेवणे मात्र आहे.