पणजीचे नाव

फ्रान्समध्ये हल्ली मुलीचे नाव लुईझ, झान किंवा रोझ ठेवले, की पणजीच्या काळातले गोड नाव परत आले म्हणून कौतुक होते. मी कवी माणूस, नाद मलाही आवडतो. पण पणजीच्या वेळी हे नाव कुठून येई?

क्रांतीच्या दिवसांत लोकांनी मुलांना फुलाफळांची, स्वातंत्र्याचीही नावे दिली होती. नेपोलियनच्या राजवटीत १८०३ च्या कायद्याने त्याला लगाम घातला. नाव कॅलेंडरातले किंवा प्राचीन इतिहासातल्या पुरुषाचे-स्त्रीचेच हवे. कॅलेंडर म्हणजे बहुतांशी संतांची यादी. मारी तीत होतीच. आमची मरियम ती हीच! ब्रेटन भाषेतली नावे मात्र विसाव्या शतकातही नाकारली गेली. एका ब्रेटन कुटुंबाने हट्ट सोडला नाही, तेव्हा त्यांची काही मुले वर्षानुवर्षे सरकारदरबारी जन्मलीच नव्हती.

१९६६ मध्ये नियम सैलावले, १९९३ च्या कायद्याने यादी गेली. आजची लुईझ आईबापांनी हौसेने निवडलेली. आता अधिकाऱ्याने नाव आधी नोंदवायचे. बाळाच्या हिताची शंका आली तर हरकत नंतर, तीही न्यायाधीशापुढे.