पाचटाचा कोळसा: चुलीकडून मातीकडे

काडीकचरा किंवा लाकूडफाटा हवेचा पुरवठा जवळजवळ तोडून सुमारे 400 ते 500 अंश सेल्सिअसपर्यंत सावकाश तापवण्याच्या क्रियेला मंद पायरोलिसिस म्हणतात. तिच्यातून उरणारा कोळसा मातीत मिसळण्यासाठी वापरला की तो बायोचार ठरतो. सातारा-सांगलीच्या इतिहासात मात्र कोळशाचे हे दोन उपयोग, माती आणि चूल, क्वचितच एकत्र आले.

जावळी, पाटण, महाबळेश्वरच्या डोंगरपट्ट्यात भात-नाचणीच्या रोपवाटिकेसाठी राब भाजत असत. शेण, डहाळ्या आणि पालापाचोळा यांच्या थरांवर बारीक माती पसरून ते असे पेटवले जात की आग भडकण्याऐवजी धुमसत राही, आणि राखेसोबत अर्धवट जळलेले कणही वाफ्यात उरत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वनखात्याने डहाळ्या तोडण्यावर निर्बंध घातले तेव्हा मुंबई इलाख्यात राबावरून मोठा वाद झाला, आणि कृषिरसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी भारतीय शेतीविषयीच्या आपल्या 1893च्या अहवालात त्याचा विचार केला. पण त्या वादात जंगलाची चिंता एका बाजूला होती आणि रोपांची दुसऱ्या.

कालव्यांच्या उसाने पूर्वेकडे वेगळाच प्रश्न उभा केला. गुऱ्हाळात चिपाड चुलवाणात जाई, पुढे कारखान्यांत तेच चिपाड बगॅस म्हणून बॉयलरचे इंधन झाले. पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पाने, मात्र हेक्टरी सुमारे 10 टन निघूनही फडातच पेटवले जाई, कारण ते जनावरे खात नाहीत आणि लवकर कुजतही नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने (स्थापना 1968) 1990च्या दशकात पाचट व बगॅसवर चालणारे गॅसिफायर, म्हणजे कचऱ्यापासून जळाऊ वायू काढणारी भट्टी, विकसित केले. त्यात इंधनाच्या वजनाच्या सुमारे 24 टक्के कोळसा उपपदार्थ म्हणून मिळे, आणि तो जळणाच्या कांड्यांसाठी किंवा जमीन सुधारण्यासाठी वापरता येईल, असे तिच्या संशोधकांनी तेव्हाच नोंदवले होते. याच संस्थेत काम केलेल्या डॉ. आनंद कर्वे यांनी 1996 मध्ये आरती ही संस्था स्थापली. तिच्या भट्टीत पाचटाने ठासलेली पिंपे बाहेरून तापवली जात व त्यांतून निघणारा वायूच पुढचे जळण पुरवी. कोळशाच्या भुकटीत खळ मिसळून चुलीसाठी कांड्या पाडल्या जात. या कामाला 2002 मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला. उद्दिष्ट ग्रामीण स्वयंपाकघर होते, आणि त्या काळी ते रास्तच होते; गॅस सिलिंडर खेड्यांत पोचू लागल्यावर मात्र त्या गिऱ्हाइकावर विसंबणे कठीण झाले.

त्यामुळे आज मातीचा उपयोग पुन्हा पुढे येत आहे, तरी त्यात एक अडचण आहे, जी उत्साही प्रचारात सहसा येत नाही. कोळसा स्वभावतः अल्कधर्मी असल्याने त्याचा लाभ आम्लधर्मी, धुपलेल्या जमिनींत अधिक दिसतो, तर वाळवा-मिरजेच्या काळ्या जमिनी आधीच अल्कधर्मी असून अतिपाण्याने त्यांतील काही क्षारपड झाल्या आहेत. पाचट कृष्णाकाठी आहे, आणि त्याच्या कोळशाची खरी गरज असलेली तांबडी जांभ्याची जमीन राबाच्या जुन्या मुलखात, घाटमाथ्यावर आहे.