यलोस्टोनची शेकोटी

थोर संस्थांच्या जन्माविषयी लोकांस एखादी सुंदर कथा हवी असते, आणि ती कथा पुष्कळदा संस्था मोठी झाल्यावर मागाहून तयार होते. कै. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला व त्याच्या प्रस्तावनेत बखरींची झडती घेतली. तेव्हापासून, बखर व समकालीन कागद यांत विरोध आला असता कोणाची साक्ष अधिक मानावयाची, हे मराठी वाचकांस वेगळे सांगावे लागत नाही. हीच कसोटी सातासमुद्रांपलीकडील एका प्रवासकथेस लावून पाहण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

उत्तर अमेरिकेतील रॉकी पर्वताच्या कुशीत यलोस्टोन नावाचा सुमारे साडेतीन हजार चौरस मैलांचा प्रदेश आहे. उकळत्या पाण्याची कुंडे, आकाशात उसळणारी उष्णोदकाची कारंजी, खोल दऱ्या व विस्तीर्ण सरोवर यांनी तो भरलेला आहे. १ मार्च १८७२ रोजी अध्यक्ष ग्रँट यांनी एका कायद्यावर सही करून हा प्रदेश खासगी मालकीपासून कायमचा राखून ठेवला. जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून जे ओळखले जाते ते हेच.

आता त्याची जन्मकथा पाहा. १८७० च्या ऑगस्ट महिन्यात मोंटाना प्रांतातील हेलेना गावाहून नऊ नागरिकांची एक टोळी हा मुलूख पाहावयास निघाली. सरकारी मोजणी खात्याचे वॉशबर्न हे तिचे नायक असून वकील हेजेस, लँगफर्ड व करखात्यातील माजी अधिकारी एव्हर्ट्स हे तिच्यात होते. वाटेत फोर्ट एलिसच्या लष्करी ठाण्यावरून लेफ्टनंट डोन व पाच शिपाई संरक्षणासाठी बरोबर आले. सुमारे महिनाभर डोंगरदऱ्या तुडवून १९ सप्टेंबर रोजी या मंडळींनी फायरहोल व गिबन या नद्यांच्या संगमावर तळ दिला. रात्री शेकोटीभोवती बोलणे निघाले. कोणी म्हणाले, येथील उत्तम जागा आपण आपसांत वाटून घ्याव्या. पुढे प्रवासी येऊ लागले म्हणजे पैसा मिळेल. तेव्हा हेजेस उद्गारले की, हा प्रदेश कोणा एकाच्या मालकीचा होता कामा नये. तो साऱ्या राष्ट्राचे उद्यान व्हावा. सर्वांनी स्वार्थ सोडून माना डोलावल्या आणि दीड वर्षात कायदा झाला.

कथा मोठी गोड आहे. १९५७ पासून काही वर्षे त्या संगमावर दर उन्हाळ्यात तिचे नाट्यप्रयोग होत. परंतु ती आपणांस सांगतो कोण? लँगफर्ड. आणि केव्हा? १९०५ साली छापलेल्या पुस्तकात, म्हणजे त्या रात्रीनंतर पस्तीस वर्षांनी. हे पुस्तक आपल्या रोजनिशीवरून सिद्ध केले आहे असे तो सांगतो. पण त्या प्रवासाची त्याची मूळ रोजनिशी संशोधकांस सापडलेली नाही.

या उलट समकालीन कागद काय म्हणतात? हेजेसची रोजनिशी उपलब्ध आहे. त्या रात्रीनंतरच्या टिपणात शिधा संपत आल्याचा, झोप नीट न लागल्याचा व घरच्या आणि धंद्याच्या आठवणीचा उल्लेख आहे, उद्यानाचा नाही. घरी परतल्यावर त्याने हेलेना येथील वृत्तपत्रात लेख लिहिले. त्यांत तो यलोस्टोन सरोवराचा प्रदेश मोंटानाच्या हद्दीत घालावा अशी सूचना करतो, परंतु उद्यानाविषयी अवाक्षर काढीत नाही. खुद्द लँगफर्डने १८७१ साली ‘स्क्रिब्नर्स’ मासिकात या सफरीवर दोन लेख लिहिले. नवा लोहमार्ग झाला म्हणजे प्रवासी येथे सुखाने येतील, असे भाकीत त्यांत आहे. शेकोटीवरील संकल्प मात्र नाही. हा विरोध उद्यानाच्याच सेवेतील इतिहासकार ऑब्री हेन्स यांनी १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात निर्भीडपणे मांडला.

त्या रात्री मंडळींची मनःस्थिती काय असावी, याचाही विचार केला पाहिजे. ९ सप्टेंबर रोजी दाट अरण्यात एव्हर्ट्स चुकला होता. त्यास दूरचे नीट दिसत नसे. पुढे त्याचा घोडाही सर्व सामानासह पळून गेला. भर सप्टेंबरात बर्फ पडू लागले, आणि बरेच दिवस शोध करून सोबत्यांना निरुपायाने पुढे निघावे लागले. इकडे एव्हर्ट्स एका काटेरी झुडपाची मुळे खाऊन, उष्ण झऱ्यांच्या उबेला निजून आणि दुर्बिणीच्या भिंगाने विस्तव पेटवून जगत होता. तो सापडला तेव्हा सदतीस दिवस लोटले होते व अंगी केवळ हाडे उरली होती. एक सोबती जिवंत आहे की मेला याचा पत्ता नाही आणि पोतडीत शिधा नाही, अशा रात्री शेकोटीपाशी जे बोलणे झाले असेल ते पस्तीस वर्षांनी आठवलेल्या बोलण्याहून पुष्कळ निराळे असावे, असे आम्हांस वाटते.

मग उद्यानाची कल्पना आली कोठून? तिला एकच उगम नाही. राष्ट्राने असे रान राखावे ही गोष्ट चित्रकार कॅटलिन याने १८३२ च्या प्रवासावरून पूर्वीच सुचविली होती. १८६४ साली अध्यक्ष लिंकन यांनी योसेमिटीचे खोरे लोकांच्या विहारासाठी कॅलिफोर्निया संस्थानाच्या स्वाधीन केले होते, म्हणजे कायद्याचा कित्ताही तयार होता. ‘नॉर्दर्न पॅसिफिक’ लोहमार्गासाठी भांडवल उभारणारा सावकार जे कुक यास उतारू हवे होते. लँगफर्डची व्याख्याने त्याच लोहमार्गाच्या आश्रयाने झाली. त्यांपैकी एक ऐकून भूगर्भशास्त्रज्ञ हेडन १८७१ साली यलोस्टोनला गेला व चित्रकार मोरान आणि छायाचित्रकार जॅक्सन यांची चित्रे घेऊन परतला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कुकच्या कचेरीतून हेडनला पत्र गेले की, कारंज्यांचा प्रदेश काँग्रेसने सार्वजनिक उद्यान म्हणून राखावा अशी शिफारस आपण करावी. सावकाराची गरज, शास्त्रज्ञाचा उत्साह, चित्रकाराची कला आणि आधीचा कायदा, एवढे धागे एकत्र आल्यावर हे वस्त्र विणले गेले. विशेष हे की, कुकची पेढी १८७३ सालीच बुडाली. उद्यान मात्र राहिले.

शेकोटीची कथा आणखी एक गोष्ट झाकून ठेवते. त्या वर्तुळातले सर्वजण आपण निर्मनुष्य भूमीचे शोधक आहोत असे समजत होते. वस्तुतः त्या भूमीत हजारो वर्षे माणसांचा वावर होता. तेथील काळ्या काचदगडाची हत्यारे शेकडो कोस दूर ओहायोच्या प्राचीन टेकाडांत सापडली आहेत. शोशोनी, क्रो, ब्लॅकफीट, बॅनक इत्यादी लोक तेथे शिकारीस येत, आणि रानमेंढ्यांवर निर्वाह करणारी एक शोशोनी शाखा तर डोंगरातच राहत असे. कारंज्यांच्या भीतीने इंडियन लोक इकडे फिरकतच नसत, अशी समजूत उद्यानाच्या आरंभीच्या अधिकाऱ्यांनी पसरविली व त्या लोकांस बाहेर काढले. टोळीचा रक्षक लेफ्टनंट डोन हा तर त्याच वर्षी २३ जानेवारीस मरायस नदीकाठी झालेल्या कत्तलीत सामील होता. देवीच्या साथीने आजारी पडलेल्या पिगन लोकांच्या त्या छावणीत निदान १७३ माणसे मारली गेली. त्यांत बायका, मुले व म्हातारेच फार. पुढे या डोनचे नाव उद्यानातील एका शिखरास दिले गेले, ते २०२२ साली काढून ‘आद्य लोकांचे शिखर’ अशा अर्थाचे नाव ठेवण्यात आले.

कोणी विचारील की, कथा खोटी ठरली तर उद्यानाचे मोल कमी होते काय? आमच्या मते मुळीच नाही. १९०२ साली तेथे रानटी बायसन अवघे दोन डझन उरले होते. आज त्यांची संख्या हजारांवर आहे. लोहमार्गवाल्यांचा हेतू काही असो, हे फळ खरे आहे. परंतु एका रात्री काही सज्जनांनी स्वार्थ सोडला आणि लोककल्याण झाले, असे मुलांस शिकविणे घातक आहे. त्यामुळे लोककल्याणासाठी कायदा, पैसा, चित्रे, पत्रे व खटपट लागते हे ती विसरतात, आणि त्याची किंमत कोणी मोजली हेही विसरतात. आपल्या देशात १९३६ साली हेली उद्यान झाले व महाराष्ट्रात १९५५ साली ताडोबा झाले. तेथेही रान राखताना रानातल्या माणसाचे काय, हा प्रश्न आलाच. त्याचे उत्तर शोधणाऱ्यास शेकोटीच्या गोष्टीपेक्षा हेजेसच्या रोजनिशीतले ते कंटाळलेले, घरची आठवण काढणारे टिपण अधिक उपयोगी पडेल. कारण ते त्याच वेळी आणि त्याच जागी लिहिलेले आहे.