बहामनी इतिहासाचे संशोधक आणि संशोधन मोजण्याची फूटपट्टी

बीदर शहरात येणारा प्रवासी महमूद गावान यांचा मदरसा पाहतो, तेव्हा त्याला दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. ही वास्तू १४७२ च्या सुमारास बांधून झाली आणि १६९६ मध्ये झालेल्या स्फोटात तिचा मोठा भाग कोसळला. ही माहिती कोणी तपासली, वास्तूची मोजमापे कोणी घेतली आणि शिलालेख कोणी वाचले, हे सांगणारा क्वचितच भेटतो. माहिती सर्वांची झाली आणि संशोधकाचे नाव मागे राहिले. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या प्रक्रियेची नोंद करून ठेवली आहे. एखादे संशोधन सर्वमान्य झाले की ते ज्ञानात विरघळून जाते आणि त्याचा उल्लेख करण्याची गरजच कुणाला वाटत नाही.

आज संशोधकाचे मूल्यमापन नेमके याच्या उलट पद्धतीने होते. किती लेख छापले, कोणाबरोबर छापले आणि त्यांचा उल्लेख किती जणांनी केला, या तीन प्रश्नांच्या आकड्यांतल्या उत्तरांवर अध्यापकांच्या नेमणुका आणि बढत्या ठरतात. प्रस्तुत लेखात हेच तीन प्रश्न बीदर व कलबुर्गी परिसराच्या इतिहास-संशोधकांना लावून पाहिले आहेत.

फूटपट्टीचा इतिहास

उद्धरणे मोजण्याची कल्पना मुळात ग्रंथालयाच्या सोयीसाठी पुढे आली. युजीन गारफिल्ड यांनी १९६४ मध्ये विज्ञानविषयक उद्धरण-सूची प्रसिद्ध केली. एका लेखाचा धागा धरून त्या विषयावरचे पुढील लेखन शोधता यावे, हा तिचा हेतू होता. पुढे याच सूचीच्या आधारे नियतकालिकांचा 'प्रभावांक' काढला जाऊ लागला. त्यात मागील केवळ दोन वर्षांतील लेखांना मिळालेली उद्धरणे धरली जातात. २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी व्यक्तीसाठी 'एच-निर्देशांक' सुचविला. ज्याच्या दहा लेखांना प्रत्येकी किमान दहा उद्धरणे मिळाली आहेत, त्याचा निर्देशांक दहा, असा हा सरळ हिशोब आहे.

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमावलीत अध्यापकांसाठी गुणांकन पद्धती आणली. २०१८ मध्ये मान्य नियतकालिकांची 'केअर' यादी सुरू झाली आणि २०२५ मध्ये आयोगाने ती बंद केली. याद्या आल्या आणि गेल्या, पण आकड्यांवर भरवसा ठेवण्याची सवय राहिली.

यझदानी : तीस वर्षे आणि एक ग्रंथ

गुलाम यझदानी (१८८५–१९६२) हे हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे पहिले प्रमुख होत. १९१४ मध्ये हे खाते स्थापन झाले आणि १९४३ पर्यंत त्याची धुरा त्यांच्याकडे होती. बीदरच्या प्राचीन वास्तूंवरील त्यांची छोटी इंग्रजी पुस्तिका १९१७ मध्ये आली. याच शहराचा इतिहास आणि वास्तू यांवरील त्यांचा बृहद्ग्रंथ ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने १९४७ मध्ये प्रसिद्ध केला. दोहोंमध्ये तीस वर्षांचे अंतर आहे. दोन वर्षांच्या खिडकीतून पाहणाऱ्या मोजणीला या तीस वर्षांत बीदरविषयी फारसे काही दिसले नसते.

प्रत्यक्षात ही वर्षे रिकामी नव्हती. वास्तूंची साफसफाई, दुरुस्ती, आराखडे आणि शिलालेखांचे ठसे हे काम चालूच होते. अरबी-फारसी शिलालेखांना वाहिलेल्या 'एपिग्राफिया इंडो-मोस्लेमिका' या सरकारी नियतकालिकाचे संपादनही यझदानी यांनी दीर्घकाळ केले. शिलालेखाचे वाचन बहुधा दोन-चार पानांत संपते, परंतु त्याने इतिहासाचा कालक्रम पक्का होतो. बीदर किल्ल्यातील सोळा खांब मशिदीचे उदाहरण घ्यावे. तिच्या शिलालेखामुळे तिचा काळ हिजरी ८२७, म्हणजे इ. स. १४२३–२४ ठरतो. राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला हलविणारे अहमदशाह वली १४२२ मध्ये गादीवर आले होते. म्हणजे राजधानीच्या स्थलांतराची चर्चा करणाऱ्याला या एका ओळीकडे दुर्लक्ष करता येत नाही. असे असूनही पुढील लेखक बहुधा मूळ वाचनाचा नव्हे, तर नंतरच्या ग्रंथाचा हवाला देतात आणि वाचनाच्या खात्यावर काहीच जमा होत नाही.

सहकार्य : नावे असलेले आणि नसलेले

दुसरा प्रश्न सहकार्याचा. यझदानी यांच्या संपादनाखाली दख्खनचा प्राचीन इतिहास १९६० मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला. त्यात कल्याणीच्या चालुक्यांवर के. ए. नीलकंठ शास्त्री यांनी लिहिले, तर देवगिरीच्या यादवांवर अनंत सदाशिव आळतेकर यांनी. कल्याणी म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. दिल्लीत जन्मलेला फारसीचा पंडित, तमिळ इतिहासकार आणि कोल्हापूर भागातले मराठी संशोधक एका ग्रंथात एकत्र आले होते, ही गोष्ट मुद्दाम नोंदवावी लागेल.

महमूद गावान यांच्या फारसी पत्रांचा संग्रह 'रियाझुल इन्शा' हे याहून बोलके उदाहरण आहे. शेख चांद बिन हुसेन यांनी यझदानी यांच्या सहकार्याने संपादित केलेला हा संग्रह १९४८ मध्ये हैदराबादेत छापला गेला. हस्तलिखिते ताडून पाठ निश्चित करणे हे वर्षानुवर्षांचे काम असते. आजच्या अनेक गुणतक्त्यांत संपादकाला स्वतंत्र ग्रंथाच्या लेखकापेक्षा कमी गुण मिळतात. गावान यांच्यावर पुढे लिहिणाऱ्या प्रत्येकाला मात्र या संपादित पाठाचा आधार घ्यावा लागतो.

काही सहकारी तर कोणत्याही मोजणीत येत नाहीत. बीदरवरील ग्रंथात शंभराहून अधिक चित्रफलक आहेत. त्यामागे आराखडे काढणारे, छायाचित्रे घेणारे, दगडावर ओला कागद ठोकून ठसे उतरविणारे आणि पडके चिरे पुन्हा बसविणारे हात आहेत. मुखपृष्ठावर नाव एकच आहे.

शेरवानी आणि एच-निर्देशांक

हारून खान शेरवानी (१८९१–१९८०) उस्मानिया विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक होते. महमूद गावान यांच्यावरील त्यांचा ग्रंथ १९४२ मध्ये आला. म्हणजे 'रियाझुल इन्शा'ची छापील आवृत्ती निघण्यापूर्वी सहा वर्षे त्यांनी हे काम हस्तलिखितांवर पूर्ण केले होते. दख्खनच्या बहामनींवरील ग्रंथ १९५३ मध्ये आणि कुतुबशाही घराण्याचा इतिहास १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. मध्ययुगीन दख्खनचा द्विखंडी इतिहास (१९७३–७४) त्यांनी पी. एम. जोशी यांच्याबरोबर संपादित केला. जोशी हे आदिलशाहीचे जाणकार अभ्यासक होते. भारत सरकारने १९६९ मध्ये शेरवानी यांना पद्मभूषण दिले.

आता हिशोब पाहू. शेरवानी यांचे दख्खनवरील स्वतंत्र ग्रंथ म्हणून वरील तीनच धरले, तर या ग्रंथांच्या आधारे त्यांचा एच-निर्देशांक तीनच्या वर जाऊच शकत नाही, मग प्रत्येकाला हजार उद्धरणे मिळोत. वीस छोटे लेख लिहिणारा मात्र वीसपर्यंत पोहोचू शकतो. हा शेरवानी यांचा दोष नव्हे. लेखांसाठी बनविलेल्या मापाने ग्रंथ मोजण्याचा हा परिणाम होय. शिवाय त्यांचे नाव कुठे 'एच. के. शेरवानी', कुठे 'हारून खान' असे आढळते. यंत्राला ही दोन माणसे वाटतात.

प्रभाव पाहायचाच असेल, तर तळटीपा वाचाव्या लागतात. रिचर्ड ईटन यांनी २००५ मध्ये दख्खनचा सामाजिक इतिहास व्यक्तिचरित्रांच्या अंगाने लिहिला. त्यात गेसूदराज आणि महमूद गावान यांच्यावर स्वतंत्र प्रकरणे आहेत. पूर्वसूरींचे काम स्वीकारत, काही ठिकाणी ओलांडत हे लेखन पुढे जाते. कोणाचे मत मान्य झाले आणि कोणाचे खोडले गेले, हे संख्येत उमटत नाही.

चुकीलाही उद्धरणे मिळतात

याचा उत्तम दाखला कलबुर्गीचाच आहे. 'मेराजुल आशिकीन' ही दखनी गद्याची पुस्तिका मौलवी अब्दुल हक यांनी १९२० च्या दशकात प्रसिद्ध केली आणि ती ख्वाजा बंदानवाज गेसूदराज (मृत्यू १४२२) यांची मानली गेली. उर्दू गद्याची सुरुवात म्हणून तिचा उल्लेख पाठ्यपुस्तकांतून वारंवार होत राहिला. पुढे हफीज कतील यांनी भाषा आणि आशय तपासून हे कर्तृत्व नाकारले व ती पुष्कळ नंतरची असल्याचे दाखविले. केवळ मोजणी केली, तर पुनरुक्तीचे पारडे जड होते. चूक दुरुस्त करणारा एक आणि ती पुन्हा सांगणारे अनेक, हे इतिहासात नेहमीचेच आहे.

भाषेचा प्रश्न

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बीदर जिल्ह्याची विभागणी झाली. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा मराठी मुलखात गेले, तर बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद व बसवकल्याण हा भाग कर्नाटकात राहिला. सीमेच्या दोन्ही बाजूंना उर्दू, मराठी आणि कन्नड आजही एका बाजारात नांदतात. या भागावरील संशोधनही याच भाषांत विखुरले आहे. बीदरच्या फखरुद्दीन निझामी यांचे 'कदमराव पदमराव' हे आरंभीचे दखनी काव्य जमील जालिबी यांनी १९७३ मध्ये संपादित केले. बहामनी घराण्याशी नाते सांगणारे मराठी संतकवी शहा मुंतोजी यांच्यासारख्यांचा परामर्श रा. चिं. ढेरे यांनी 'मुसलमान मराठी संतकवी' या ग्रंथात घेतला. उर्दू ग्रंथातील संदर्भ उर्दूत आणि मराठी ग्रंथातील मराठीत राहतात. आंतरराष्ट्रीय सूच्यांमध्ये या भाषांतील पुस्तके व नियतकालिके फारच थोडी आहेत. जे सूचीत नाही ते मोजले जात नाही, आणि जे मोजले जात नाही ते करण्याची इच्छा तरुण अध्यापकात उरत नाही. गावच्या दर्ग्यातील शिलालेख वाचण्यापेक्षा पैसे घेऊन छापणाऱ्या नियतकालिकात इंग्रजी लेख देणे त्याला सोयीचे वाटते. खरे नुकसान येथे आहे, कारण दगडावरची अक्षरे दर पावसाळ्यात झिजत असतात.

निष्कर्ष

मोजणी मुळातच निरुपयोगी आहे, असे म्हणता येणार नाही. वशिला आणि ज्येष्ठता एवढेच निकष असण्यापेक्षा उघड निकष केव्हाही बरे. काय लिहिले, कोणाबरोबर लिहिले, कोणाला उपयोगी पडले, हे तिन्ही प्रश्न योग्यच आहेत. त्यांची उत्तरे मात्र केवळ यंत्राकडून घेऊ नयेत. २०१५ मध्ये काही तज्ज्ञांनी मांडलेल्या 'लायडन जाहीरनाम्या'च्या दहा तत्त्वांमध्ये स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाचे रक्षण करावे, हे एक तत्त्व आहे.

सीमाभागातील महाविद्यालयांना त्यासाठी काही गोष्टी आजच करता येतील. निवड समितीने उमेदवाराचे निवडक दोन-तीन लेखन प्रत्यक्ष वाचावे. पाठसंपादन, शिलालेखवाचन आणि भाषांतर यांना स्वतंत्र संशोधन मानावे. उर्दू, मराठी व कन्नड नियतकालिकांनी लेखकाचे नाव सर्वत्र एकाच पद्धतीने छापावे, संदर्भ पूर्ण द्यावेत आणि वार्षिक सूची काढावी. ठसे घेणाऱ्यापासून हस्तलिखित दाखविणाऱ्यापर्यंत प्रत्येकाचे ऋण नावानिशी नोंदवावे.

यझदानी आणि शेरवानी यांच्या कामाची कसोटी अखेर साधी आहे. त्यांचे ग्रंथ बाजूला ठेवून आज बीदरचा इतिहास लिहिता येतो का? येत नाही. एखाद्या संशोधकाविषयी समितीने हाच प्रश्न विचारावा आणि उत्तरासाठी आकड्यांच्या आधी पुस्तक उघडावे.