प्रतिवादी : रेव्हरंड जॉन ॲश्टन

धर्मग्रामाच्या कचेरीत बसणाऱ्या धर्मगुरूला एक प्रसंग नित्याचा असतो. कुणीतरी दारात येऊन उभे राहते आणि आजोबा-पणजोबांच्या स्नानसंस्काराची नोंद मागते. कधी जमिनीच्या वाटणीसाठी, कधी परदेशी गेलेल्या मुलाच्या कागदपत्रांसाठी, तर कधी निव्वळ कुतूहलापोटी. जुनी नोंदवही उघडावी, पिवळ्या पानावरून बोट फिरवीत नाव गाठावे आणि समोरच्याचा चेहरा उजळलेला पाहावा, हा आनंद मी अनेक वर्षे अनुभवीत आलो आहे. मात्र या नोंदवहीला एक मर्यादा आहे. ती आम्हा धर्मगुरूंच्याच हातची असते. ज्याचे नाव तीत लिहिले त्याचे स्वतःचे म्हणणे तीत कुठेच नसते.

ते म्हणणे सापडते दुसऱ्याच एका दफ्तरात, कोर्टाच्या. अमेरिकेतील काळ्या कॅथलिक कुटुंबांनी आपले पूर्वज कसे शोधले याचा इतिहास वाचताना हे मला प्रकर्षाने जाणवले. आणि त्या दफ्तरात प्रतिवादी म्हणून ज्याचे नाव आढळले तो माझ्यासारखाच एक धर्मगुरू होता, हे वाचून पुस्तक मिटून काही वेळ स्वस्थ बसावे लागले.

मेरीलँड ही इंग्रजांच्या अमेरिकेतील वसाहतींपैकी कॅथलिकांनी स्थापलेली वसाहत. तेथे येशूसंघीय धर्मगुरूंच्या विस्तीर्ण तंबाखूच्या शेतवाड्या होत्या आणि त्या गुलामांच्या श्रमावर चालत. १७७३ साली पोप क्लेमेंट चौदावे यांनी येशूसंघ बरखास्त केला. तरीही शेतवाड्या आणि गुलाम त्याच धर्मगुरूंच्या ताब्यात राहिले. प्रिन्स जॉर्जेस काउंटीमधील व्हाइट मार्श ही त्यांपैकीच एक. याच व्हाइट मार्श येथे १७८९ साली धर्मगुरूंनी एकत्र जमून जॉन कॅरल यांची अमेरिकेचे पहिले महागुरू म्हणून निवड केली. म्हणजे ज्या अंगणात अमेरिकेतील ख्रिस्तसभेचा पाया घातला गेला, त्याच अंगणात माणसे मालमत्ता म्हणून राबत होती. त्यांच्यातच एडवर्ड क्वीन नावाचा एक गृहस्थ होता.

१७९१ साली एडवर्डने व्हाइट मार्शचे व्यवस्थापक रेव्हरंड जॉन ॲश्टन यांच्यावर दावा लावला. त्याचे म्हणणे थोडके होते : माझी पूर्वज मेरी क्वीन ही स्वतंत्र स्त्री होती. त्या काळच्या कायद्यानुसार मूल आईच्या दर्जावर जाई. आई गुलाम तर मूल गुलाम, आई स्वतंत्र तर मूलही स्वतंत्र. हाच कायदा मालकांनी पिढ्यान्‌पिढ्या आपल्या फायद्यासाठी वापरला होता. एडवर्डने तो उलट फिरवला. अनापोलिस येथील न्यायालयात म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या साक्षी झाल्या. आपल्या वडीलधाऱ्यांकडून मेरीविषयी काय ऐकले होते ते त्यांनी सांगितले. १७९४ साली ज्यूरीने एडवर्डच्या बाजूने कौल दिला आणि तो मुक्त झाला. मग क्वीन घराण्यातील अनेकांनी दावे गुदरले. १७९६ च्या कायद्याने असे अर्ज चालवण्याचा अधिकार काउंटी न्यायालयांकडे सोपवला, त्यामुळे यापुढचे कागद प्रिन्स जॉर्जेस आणि इतर काउंट्यांच्या कोर्टांत साठत गेले. सगळ्यांनाच यश आले असे मात्र नव्हे. चार्ल्स माहोनी याने ॲश्टन यांच्यावर लावलेला दावा दहा-अकरा वर्षे रेंगाळला आणि १८०२ साली अपिलात तो हरला.

मीमा क्वीन हिचा दावा राजधानी वॉशिंग्टनच्या न्यायालयातून थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तिचे वकील होते फ्रान्सिस स्कॉट की, अमेरिकेच्या राष्ट्रगीताचे कवी. १८१३ साली सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी निकाल दिला की, ऐकीव माहिती हा पुरावा होऊ शकत नाही. ज्यांना लिहावाचायला शिकू दिले जात नव्हते, त्यांच्याजवळ ऐकीव माहितीखेरीज दुसरे काय असणार? गेब्रिएल ड्युव्हल या एकाच न्यायमूर्तींनी विरोधी मत नोंदवले. हे ड्युव्हल मेरीलँडचेच. तरुणपणी वकिली करताना स्वातंत्र्य मागणाऱ्या अशा अर्जदारांच्या बाजूने ते उभे राहिले होते.

आता हे कागद शोधायचे कसे, ते पाहू. काउंटी म्हणजे ढोबळपणे आपल्या तालुक्या-जिल्ह्यासारखा विभाग. प्रत्येक काउंटीला स्वतःचे कोर्ट आणि त्या कोर्टाचा एक दफ्तरदार, ज्याला तेथे क्लार्क म्हणतात. आपल्याकडच्या कारकुनाशी त्याची गफलत करू नये. तो मोठा अधिकारी असतो, पुष्कळ ठिकाणी मतदानाने निवडून येतो. सर्वसाधारण कोर्टाचे कागद हे लोकांचे कागद, हा तेथला पूर्वापार दंडक. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली तो पुन्हा मान्य केला. अल्पवयीन मुलांचे खटले, दत्तकविधान किंवा न्यायाधीशांनी मोहोरबंद केलेले कागद सोडले, तर कोणीही खिडकीशी जावे आणि मागावे. 'तुमचा या दाव्याशी संबंध काय?' असे सहसा कुणी विचारीत नाही. पुष्कळांची अशी समजूत असते की, त्यासाठी १९६६ च्या माहितीच्या कायद्याखाली अर्ज करावा लागतो. तो कायदा केंद्र सरकारच्या खात्यांपुरता आहे. न्यायालयांना तो लागूच नाही. आपल्याकडे तिऱ्हाइताला नक्कल हवी असेल तर कारण दाखवून न्यायालयाचा हुकूम मिळवावा लागतो, आणि माहितीच्या अधिकारापेक्षा न्यायालयाचे नियमच येथे चालतील असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ठरवले. दोन देशांच्या रीतींतला हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे.

परंतु मागायचे काय, हे आधी ठाऊक हवे. दफ्तरदार शोध घेऊन इतिहास सांगत नाही. तो नेमका कागद काढून देतो. म्हणून प्रथम दाव्यांची सूची पाहायची. तीत वादी-प्रतिवादींची नावे असतात आणि नावापुढे दाव्याचा क्रमांक, किंवा पुस्तक आणि पान. हा आकडा लिहून दिला की मूळ कागद समोर येतो. पानामागे ठरावीक शुल्क भरून नक्कल मिळते. सहीशिक्क्याची हवी असल्यास थोडे जास्त पडते. दूर राहणारा टपालाने पत्र पाठवून मागू शकतो. हल्ली संगणकावरही सूची पाहता येते, पण ती बहुधा अलीकडच्या दाव्यांची. दोनशे वर्षांपूर्वीचे कागद काउंटीच्या कोर्टात राहिलेलेही नसतात. मेरीलँडचे असे दफ्तर अनापोलिसच्या राज्य अभिलेखागारात हलवले आहे. काही तर कुठेच नाहीत. सेंट मेरीज काउंटीत येशूसंघाच्या दोन मोठ्या शेतवाड्या होत्या; तेथील लेनर्डटाऊनचे कोर्ट १८३१ साली जळाले आणि दफ्तर भस्म झाले. त्या बाजूच्या कुटुंबांना चर्चच्या नोंदवह्यांवरच भिस्त ठेवावी लागते.

सूचीमध्ये नाव शोधताना एक विलक्षण गोष्ट उघड होते. तिच्यासाठीच हा सारा प्रपंच मी मांडला आहे.

१८३८ साली येशूसंघाच्या मेरीलँड प्रांताचे प्रमुख फादर थॉमस मुलेडी यांनी २७२ माणसे विकली. घेणारे दोघे लुइझियानाचे : माजी गव्हर्नर हेन्री जॉन्सन आणि जेसी बेटी. किंमत १,१५,००० डॉलर. जॉर्जटाऊन महाविद्यालय कर्जात बुडाले होते, आणि प्रथम हाती आलेल्या रकमेतले सुमारे १७,००० डॉलर ते कर्ज फेडण्यात गेले. कुटुंबांची ताटातूट करू नये, त्यांच्या धर्माचरणाची सोय व्हावी, पैसा कर्जफेडीत घालू नये अशा अटी रोमहून संघप्रमुखांनी घातल्या होत्या. त्या पाळल्या गेल्या नाहीत. सर्वच जण लुइझियानाला पोहोचले असेही नाही. काही मेरीलँडमध्येच राहिले.

लुइझियानात काउंटी नाही. तेथील विभागाला पॅरिश म्हणतात, म्हणजे आपले धर्मग्रामच! स्पॅनिश अमदानीतील धर्मग्रामांच्या सीमांवरून १८०७ साली हे विभाग आखले गेले आणि नाव टिकून राहिले. आज असे ६४ आहेत. तेथे 'पॅरिशच्या कचेरीत जा' म्हटले तर फादर भेटतीलच असे नाही. या पॅरिशांच्या कोर्टांत खरेदीखते, गहाणखते आणि मृतांच्या मालमत्तेच्या याद्या नोंदवल्या जात. गुलाम ही मालमत्ता असल्यामुळे त्यांची नावे आणि वये तेथे उतरली, बऱ्याचदा पुढे किंमतही. परंतु सूचीत त्यांची नावे नाहीत. सूची आहे विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या नावाने. कॉर्नेलियस हॉकिन्स या तेरा वर्षांच्या मुलाचा माग काढायचा तर 'हॉकिन्स' पाहून भागत नाही. 'जॉन्सन' किंवा 'बेटी' पाहावे लागते. आपला पणजोबा शोधण्यासाठी त्याच्या मालकाच्या नावाने हाक मारावी लागते! उलट अनापोलिसच्या दफ्तरात 'एडवर्ड क्वीन विरुद्ध जॉन ॲश्टन' अशी नोंद आहे. तेथे गुलामाचे नाव आधी येते आणि धर्मगुरूचे नंतर. दावा जिंकण्यापूर्वीच, केवळ तो दाखल करून, एडवर्ड आपल्या नावाने सूचीत जाऊन बसला. मला तरी त्या दफ्तरातील हा एक शब्द, 'विरुद्ध', फार मोलाचा वाटतो.

कॉर्नेलियस बेटीच्या मळ्यावर गेला. आयबरव्हिल पॅरिशमधील मॅरिंगविन हे ते गाव. नावाचा अर्थ डास, यावरून तेथील दलदलीची कल्पना यावी. बेटीच्या मृत्यूनंतर झालेल्या मालमत्तेच्या यादीत तो पुन्हा दिसतो, आता ऐन तारुण्यात. पुढे गुलामगिरी संपली, १८७० च्या जनगणनेत तो स्वतंत्र माणूस म्हणून आला, आणि शेवटी गावच्या कॅथलिक दफनभूमीत त्याला मूठमाती मिळाली. ज्यांनी विकले त्यांचाच धर्म त्याने अखेरपर्यंत सोडला नाही. त्याच्या वंशजांना हे सारे कळले ते २०१५-१६ च्या सुमारास, जेव्हा वंशावळीच्या अभ्यासकांनी कोर्टांची दफ्तरे, जहाजाच्या उतारूंची यादी, येशूसंघाचे कागद आणि चर्चच्या नोंदवह्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. यांपैकी एकच दफ्तर पाहिले असते तर धागा मधेच तुटला असता. आमच्या नोंदवहीने नाव राखले, कोर्टाने किंमत राखली.

येशूसंघाचे कागद येशूसंघाने मनात आणले असते तर कुलूपबंद ठेवता आले असते. त्यांनी ते ठेवले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. पण कोर्टाच्या खिडकीशी उभ्या राहणाऱ्याला त्यांच्या परवानगीची मुळातच गरज नव्हती.

१८ एप्रिल २०१७ रोजी जॉर्जटाऊन विद्यापीठात प्रार्थनाविधी झाला. विकल्या गेलेल्यांचे वंशज समोर बसले होते आणि येशूसंघाच्या वतीने फादर टिमोथी केसिकी यांनी त्यांची क्षमा मागितली. विद्यापीठाच्या एका इमारतीला पूर्वी मुलेडी यांचे नाव होते. त्या दिवशी ती रीतसर आयझॅक हॉकिन्स यांच्या नावे झाली. १८३८ च्या करारनाम्यातील यादीत पहिले नाव त्यांचेच आहे : आयझॅक, वय वर्षे ६५.